शब्द टाकणे आणि वाट दाखविणे

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी माणसाला एक विनंती वारंवार ऐकावी लागते. गावाकडून पत्र येते, हल्ली दूरध्वनी येतो, आणि कुशल विचारून झाल्यावर पलीकडचा आवाज थोडा खाली येऊन म्हणतो, “मुलगा पदवीधर झाला आहे. तिकडे तुमची ओळख असेलच. कुठे तरी शब्द टाका.” दिल्लीत राहणारा मनुष्य केंद्र सरकारच्या नोकरीत असला, मग तो माझ्यासारखा साधा कारकून का असेना, तरी त्याच्या शब्दाला वजन असलेच पाहिजे, अशी गावाची श्रद्धा असते. या श्रद्धेला हसणे सोपे आहे. परंतु तिच्यामागे जो नैतिक प्रश्न उभा आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. काम शोधणाऱ्या माणसाला मदत करणे हे आपले कर्तव्य आहे काय. असल्यास त्या मदतीचे स्वरूप काय असावे. आणि मदतीच्या कोणत्या टप्प्यावर ती दुसऱ्या कोणावर अन्याय होऊ लागते?

प्रथम ‘शब्द टाकण्या’ची बाजू मांडली पाहिजे, कारण तिचा निषेध पुष्कळदा ज्यांना शब्दाची गरज पडली नाही असेच लोक करतात. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहावा. कोकणातून किंवा घाटावरून आलेला तरुण बोटीतून वा गाडीतून उतरला, की त्याची वळकटी गावकीच्या खोलीत पडे. तेथे पाळीपाळीने झोपण्याची सोय असे, खानावळीत उधारीवर जेवण मिळे, आणि गावचाच कोणी तरी त्याला आपल्या खात्यात नेऊन उभा करी. सरकारने त्याच्यासाठी काहीच केले नव्हते. शहराला तो ठाऊक नव्हता. गावच्या माणसाने टाकलेला शब्द हाच त्याचा विमा, हेच त्याचे विद्यापीठ आणि हीच त्याची धर्मशाळा होती. या आपलेपणाला सरसकट ‘वशिला’ म्हणून नाव ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे अशाच एखाद्या शब्दावर शहरात टिकले.

परंतु त्याच गिरणगावात या व्यवहाराची दुसरी बाजूही दिसते. कामगार भरण्याचा अधिकार ज्याच्या हाती होता तो जॉबर आपल्या गावच्या, जातीच्या आणि नात्याच्या माणसांना काम देई हे खरे; पण त्याबद्दल तो दस्तुरीही घेई. काम टिकविण्यासाठी त्याची मर्जी राखावी लागे. १९३१ साली अहवाल सादर करणाऱ्या शाही श्रम आयोगाने या पद्धतीवर टीका केली, आणि जॉबरांची सत्ता कमी व्हावी म्हणून मुंबईच्या गिरणीमालक संघाला १९३५ साली बदली कामगारांच्या नोंदीची योजना आणावी लागली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जॉबर हा काही दुष्ट मनुष्य म्हणून जन्मला नव्हता. गावच्या पोराला हात देणारा आणि त्याच्याकडून दस्तुरी उकळणारा, हे दोघे एकच होते. ज्या क्षणी एखाद्याचे पोट दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहते, त्या क्षणी त्या शब्दाला किंमत येते. आणि किंमत आलेली वस्तू आज ना उद्या विकली जाते.

मराठीत ‘मिंधा’ असा एक शब्द आहे. त्यात ऋण आहे, लाज आहे आणि मान खाली घालणे आहे. पैशाचे ऋण फेडता येते, त्याला व्याजाचा हिशेब असतो. शब्दाच्या उपकाराला पावती नसते, म्हणून तो कधी फिटत नाही. शब्द टाकून लागलेला मनुष्य वीस वर्षांनंतरही त्या घरच्या लग्नात पंगती वाढताना दिसतो. कोणी म्हणेल, यात वाईट ते काय? कृतज्ञता हा सद्गुणच आहे. खरे आहे, परंतु कृतज्ञता मोकळ्या मनाची असते आणि मिंधेपणा भीतीचा. जो आपल्याला लावू शकला तो आपल्याला काढूही शकेल, ही जाणीव ज्या कृतज्ञतेच्या तळाशी आहे तिला सद्गुण म्हणता येणार नाही.

या मिंधेपणाला आधुनिक राज्याने जे उत्तर शोधले, ते म्हणजे परभारेपणा. माझा हा शब्द काहींना खटकेल, कारण परभारेपणा आपल्याला कोरडा वाटतो. पण त्यातील नैतिक आशय थोर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून मुक्त होणाऱ्या जवानांना काम मिळावे म्हणून १९४५ साली भारतात रोजगार विनिमय केंद्रांची मांडणी झाली. १९४८ पासून ती सर्वांना खुली करण्यात आली. १९५६ साली त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे गेला. १९५९ च्या कायद्याने रिकाम्या जागा या केंद्रांना कळविणे मालकांवर बंधनकारक केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने हाच विषय आपल्या कक्षेत घेतला असून तेथे या केंद्रांना ‘करिअर सेंटर’ असे नाव दिले आहे. या सगळ्याच्या बुडाशी कल्पना एकच आहे. काम शोधणारा मनुष्य कोणाच्या तरी दारात उभा न राहता एका सार्वजनिक खिडकीपाशी उभा राहावा. खिडकीला त्याचे आडनाव ऐकून आनंद होत नाही आणि दुःखही होत नाही. आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत संधीची समानता सांगितली, तिचे व्यवहारातील रूप म्हणजे ही खिडकी आणि उत्तरपत्रिकेवरचा आसनक्रमांक. १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारने क आणि ब वर्गातील अराजपत्रित पदांसाठी मुलाखत बंद केली, ती याच दिशेने. मुलाखतीच्या खोलीत शब्दाला शिरकाव होता. गुणांच्या यादीत तो करणे अधिक कठीण.

तथापि, खिडकी उघडली म्हणजे प्रश्न मिटला असे झाले नाही. १९५९ च्या कायद्याने जागा कळविण्याची सक्ती केली. केंद्राने पाठविलेलाच मनुष्य नेमण्याची सक्ती केली नाही. हजारो तरुणांनी नावे नोंदविली, ठरावीक मुदतीने कार्डाचे नूतनीकरण केले, आणि बोलावणे न येताच त्यांचे वय उलटले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात सांगितले की, सरकारी भरतीसाठी केवळ या केंद्रांकडून नावे मागविणे पुरेसे नाही. वृत्तपत्रे, सूचनाफलक, आकाशवाणी यांतूनही जागा जाहीर कराव्यात, म्हणजे सर्वांना संधी मिळेल. न्यायालयाच्या या म्हणण्यात एक खोल सत्य आहे. ज्याला जागेची खबरच नाही, त्याला समान संधी आहे असे म्हणणे ही थट्टा होय. समानतेची सुरुवात परीक्षेच्या दालनात होत नाही. ती बातमी पोहोचण्यापासून होते.

आणि बातमी तर ओळखीच्याच वाटेने चालते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली एक निबंध आणि १९७४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बोस्टनजवळच्या एका उपनगरातील नोकरदारांची त्याने चौकशी केली, तेव्हा अर्ध्याहून अधिक लोकांना काम ओळखीतून मिळाल्याचे आढळले. आणि त्यांतही जिवलग मित्रांपेक्षा क्वचित भेटणारे, दूरचे परिचित अधिक उपयोगी पडले होते. कारण उघड आहे. जिवलगांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी खबर दुरून येते. म्हणजे ज्याच्या आळीत सारेच बेकार, त्याला बेकारीखेरीज दुसरी बातमी देणार कोण? गरीब माणसाला ओळखी नसतात असे नव्हे. त्याच्या ओळखीही त्याच्याइतक्याच गरीब असतात.

येथे आपला मूळ प्रश्न नव्या रूपात पुढे येतो. खिडकी अपुरी आहे. ओळखीवाचून बातमी नाही. आणि शब्द टाकणे तर अन्यायाचे. मग सज्जनाने करावे काय? मला वाटते, ‘मदत’ या एकाच नावाखाली आपण दोन भिन्न कृती ठेवतो, तेथेच घोळ होतो. एक कृती निवड करणाऱ्याकडे तोंड करून केली जाते. दुसरी काम शोधणाऱ्याकडे तोंड करून. पहिलीत मी साहेबाला म्हणतो, “एवढा आमचा माणूस पाहा.” दुसरीत मी त्या तरुणाला म्हणतो, “ही जागा निघाली आहे, ही तिची पात्रता, हा अर्ज, ही मुदत, आणि हा विषय तुझा कच्चा आहे तो येथे शिकता येईल.” पहिलीला शब्द टाकणे म्हणावे, दुसरीला वाट दाखविणे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो दुबळा नाही. जागा एक आणि उमेदवार हजार असता, मी ज्याला वाट दाखवीन त्याला इतरांवर वरचढपणा मिळणारच. मग फरक काय राहिला? फरक असा की, शब्द टाकल्याने मैदान लहान होते आणि वाट दाखविल्याने ते मोठे होते. मी दहा जणांना खबर दिली तर स्पर्धेत दहा जणांची भर पडते. निवड करणारा मोकळाच राहतो. मी एकासाठी शब्द टाकला, तर नऊशे नव्व्याण्णव जणांची उत्तरे वाचली जाण्यापूर्वीच शिळी होतात. शिवाय त्यांचे चेहरे मला दिसत नाहीत, म्हणून माझ्या हातून काही अन्याय झाला असे मला वाटतही नाही. आपल्या माणसाचा आनंदलेला चेहरा समोर असतो. ज्याची जागा गेली तो कोठे तरी बिहारात किंवा विदर्भात निकालाची वाट पाहत असतो. डोळ्यांसमोरच्या एकाचे हित आणि न दिसणाऱ्या अनेकांचा हक्क यांत मनाची तुळा खोटी पडते, हे नीतिशास्त्रातील एक जुनेच दुखणे आहे.

या दुखण्यावर कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने १७९५ सालच्या आपल्या शाश्वत शांततेवरील निबंधात एक कसोटी सुचविली आहे. दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेली जी कृती उघड केली असता टिकत नाही, ती अन्यायाची समजावी. ही कसोटी आपल्या विषयाला चपखल लागते. अर्ज कसा भरावा हे मी चौकात फलक लावून सांगू शकतो. अमक्याला घ्या असे मी साहेबाच्या कानात सांगितले, हे फलकावर लिहू शकत नाही. मदत करणाऱ्याने इतकेच विचारावे की, हीच गोष्ट मी कोणाही येणाऱ्यासाठी आणि सर्वांदेखत करीन काय?

खाजगी नोकरीत प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे मालक स्वतःच परिचितांना विचारतो आणि त्यात कायद्याचा भंग नसतो. परंतु तेथेही साक्ष आणि भीड यांत अंतर आहे. एखाद्याचे काम मी स्वतः पाहिले असेल आणि त्याचे गुणदोष विचारले असता खरे सांगितले, तर ती साक्ष; तिच्यात मालकाचेही हित आहे. काम न पाहता, केवळ नात्यागोत्याच्या बळावर “माझ्याखातर घ्या” असे म्हटले तर ती भीड. सरकारी नोकराच्या बाबतीत तर १९६४ च्या वर्तणूक नियमांतील चौथा नियमच सांगतो की, आपल्या पदाचा वा वजनाचा उपयोग करून कुटुंबीयाला कोणत्याही कंपनीत किंवा पेढीत नोकरी मिळवून देऊ नये. नियम कोरडा आहे, पण त्यामागील विचार कोरडा नाही. माझ्या खुर्चीचे वजन माझे नव्हे. ते मला उसने मिळाले आहे.

मग आपल्या माणसांविषयी काही विशेष कर्तव्य उरतच नाही काय? उरते, आणि ते कष्टाचे आहे. पुतण्यासाठी मी माझा वेळ द्यावा, त्याच्यासमवेत रात्री बसून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, त्याला महिनाभर घरी ठेवून घ्यावे. हे सारे माझे आहे, म्हणून ते मी हवे त्याला देऊ शकतो. दुसऱ्याचा हक्क तेवढा मी देऊ शकत नाही. अशा वागण्याची किंमत मोजावी लागते, हे मी जाणतो. “इतकी वर्षे दिल्लीत राहून एका पोराला चिकटवता आले नाही,” हे वाक्य ज्याने नातेवाइकांच्या तोंडून ऐकले नाही असा केंद्रीय कर्मचारी विरळा. शब्द टाकायला पाच मिनिटे लागतात आणि जन्मभर मान मिळतो. वाट दाखवायला सहा महिने लागतात, आणि मुलगा पास झाला तर तो स्वतःच्या बुद्धीने झाला असेच सारे म्हणतात. माझ्या मते हे म्हणणे योग्यच आहे. ज्या मदतीनंतर मदत घेणाऱ्याला यश आपले वाटते, तीच मदत निर्दोष होय. बाराव्या शतकातील ज्यू पंडित मायमोनिडिस याने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांत सर्वांत वरची पायरी अशी की, गरजवंताला काम वा भागीदारी देऊन असे उभे करावे की पुन्हा हात पसरण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

आणखी एक गोष्ट आहे. नोकऱ्या केवळ शब्दावर मिळतात, या समजुतीचा एक बाजारच उभा राहिला आहे. खोटी नियुक्तिपत्रे देऊन शेतकऱ्याची जमीन विकायला लावणारे दलाल या समजुतीवरच जगतात. आपण सद्हेतूने टाकलेला प्रत्येक शब्द त्या समजुतीला दुजोरा देतो. गावात एकाचे काम शब्दाने झाल्याची वार्ता पसरली, की दहा घरे दलालाचे म्हणणे खरे मानू लागतात.

आता शिक्षणाकडे वळू. वाट दाखविणे म्हणजे केवळ जाहिरात दाखविणे नव्हे. ज्याला जाहिरात वाचता येत नाही त्याला ती दाखवून काय उपयोग? म्हणून प्रौढांचे शिक्षण हे या मदतीचेच पुढचे पाऊल आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. ना. म. जोशी यांनी १९११ साली मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्तीत रात्रशाळा आणि वाचनालये चालविली. दिल्लीत जामिया मिलियाने १९३८ साली शफीकुर्रहमान किडवई यांच्या हाती प्रौढशिक्षणाचा एक स्वतंत्र विभागच दिला. १९५१ साली युनेस्कोच्या साहाय्याने जुन्या दिल्लीत रेल्वे स्थानकासमोर दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय उघडले, ते कोणाही नागरिकासाठी. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले, आणि दिवसा फायली हलविणाऱ्या कितीतरी कारकुनांना रात्री पदवी मिळविता आली.

परंतु येथेही एक वाद आहे. प्रौढाला शिकवावे ते कशासाठी? १९६७ साली मुंबईत पहिले श्रमिक विद्यापीठ निघाले. कामगाराला त्याचे काम अधिक चांगले करता यावे आणि नागरिक म्हणून त्याचे जीवनही समृद्ध व्हावे, असा त्याचा दुहेरी हेतू होता. पुढे देशभर निघालेल्या अशा संस्थांचे २००० साली ‘जनशिक्षण संस्थान’ असे नामांतर झाले, आणि २०१८ साली त्या शिक्षण खाते पाहणाऱ्या मंत्रालयाकडून कौशल्यविकास मंत्रालयाकडे गेल्या. एका कार्यालयाचा कागद दुसऱ्या कार्यालयात गेला, एवढाच त्याचा अर्थ मी लावीत नाही. शिक्षणाची किंमत मिळालेल्या नोकरीवरून करावी, हा विचार हळूहळू प्रबळ होत गेला, याचे ते एक चिन्ह आहे.

या विचाराला घाईने नाके मुरडू नयेत. ज्याचा पगार महिन्याच्या शेवटच्या दिवशी बँकेत जमा होतो, त्याने उपाशी माणसाला ‘ज्ञानासाठी ज्ञान’ शिकवू नये. ते असभ्यपणाचे आहे. रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ म्हटले, ते भाकरी आणि पाटी यांतील भांडण त्यांना मान्य नव्हते म्हणून. तरीही केवळ नोकरीच्या मापाने मोजले तर एक हिशेब चुकतो. माझ्या परिचयाच्या एका इमारतीत झाडलोट करणाऱ्या, बुंदेलखंडातून आलेल्या एक चाळिशीच्या बाई होत्या. कंत्राटदाराचा मुकादम महिन्याच्या महिन्याला एका नोंदवहीवर त्यांचा अंगठा घेई. दुपारच्या सुटीत तेथल्या एका टंकलेखिकेने त्यांना वर्षभर अक्षरे आणि अंक शिकविले. बाईंना त्यानंतर दुसरी नोकरी मिळाली नाही, पगारही वाढला नाही. कोणत्याही अहवालात त्यांचे शिक्षण निष्फळ म्हणूनच नोंदले जाईल. परंतु एका महिन्यात त्यांनी नोंदवहीवर बोट ठेवून विचारले, “येथे सव्वीस दिवस लिहिले आहेत आणि मला बाविसांचेच पैसे का?” चार दिवसांचे पैसे मिळाले की नाही, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण तो विचारला गेला, हे त्याहून महत्त्वाचे. अंगठा आणि सही यांतील अंतर ते हेच.

बेकार आणि निरक्षर यांचे दुःख मुळात एक आहे. दोघांनाही दुसऱ्याच्या शब्दावर जगावे लागते. एकाला कोणी शब्द टाकावा लागतो, दुसऱ्याला कोणी शब्द वाचून दाखवावा लागतो. राज्यघटनेच्या एकेचाळिसाव्या अनुच्छेदात कामाचा हक्क, शिक्षणाचा हक्क आणि बेकारीत वा आजारपणात मिळावयाचे सार्वजनिक साहाय्य, ही तिन्ही एकाच वाक्यात गुंफली आहेत. राज्याच्या आर्थिक कुवतीची मर्यादा तेथे घातलेली आहे आणि त्यावर न्यायालयात दाद मागता येत नाही, हे खरे. तरी ती तिन्ही एकत्र आली हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. काम, विद्या आणि साहाय्य यांपैकी एकही एकटे दिले, तर ते देणाऱ्याकडे सत्ता ठेवते. तिन्ही मिळून घेणाऱ्याला स्वतंत्र करतात.

मग परप्रांतातील आपल्या मंडळांनी काय करावे? गणेशोत्सव आणि नाट्यप्रयोग यांबरोबर आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांना सहज देता येईल. १९७६ पासून निघणारे ‘रोजगार समाचार’ साप्ताहिक टेबलावर असावे. २०१५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेत नाव कसे नोंदवावे हे सांगणारा कोणी असावा. मुक्त विद्यालयातून दहावी कशी करावी हे विचारणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला संकोच वाटू नये. राजेंद्रनगरातील शिकवणी वर्गांत भरती होण्यासाठी घरची शेती गहाण टाकून आलेल्या मुलाला, दोन प्रयत्न फसल्यावर दुसऱ्या कोणत्या वाटा आहेत, हे प्रेमाने आणि स्पष्टपणे सांगणारेही कोणी हवे. कारण एखादी वाट आपली नव्हे हे वेळेवर सांगणे, हेही वाट दाखविणेच होय. ही संध्याकाळ मराठीत चालावी, कारण अडचण मातृभाषेत सांगता येते. परंतु दाराशी मराठी न येणारा कोणी आला, शेजारच्या गल्लीतला बिहारी वा गढवाली तरुण आला, तर त्यालाही टेबलावरचे साप्ताहिक उघडून द्यावे. तसे करण्यास आपण कचरलो, तर वाट दाखविण्याच्या नावाखाली आपण पुन्हा गावकीची खोलीच बांधीत आहोत, असे समजावे.

यांतून कोणाला मोठे पुण्य लाभेल असे मी म्हणत नाही. बातमी सांगितल्याने नव्या जागा निर्माण होत नाहीत. जागा निर्माण करणे हे राज्याचे आणि उद्योगांचे काम आहे, आणि त्यांनी ते केले नाही तर आमच्या संध्याकाळी अपुऱ्याच पडतील. तरीही, ज्या देशात एका जागेसाठी हजार हात पुढे येतात, त्या देशात उरलेल्या नऊशे नव्व्याण्णव जणांना निदान एवढे तरी खात्रीने वाटले पाहिजे की आपण हरलो ते उघड्यावर हरलो. ती खात्री कायदा एकटा देऊ शकत नाही. ती, कानात सांगण्यासारखे काही ज्याच्यापाशी आहे, अशा प्रत्येक लहानमोठ्या माणसाच्या मौनावर अवलंबून आहे.